अळीच्या पुस्तकातलं भोक

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका गावात तुम्ही बालवाडी घेता. तीन ते पाच वयाची बावीस मुलं आहेत. बहुतेक मराठी घरातली, सहा-सात कन्नड, दोन कोकणी बोलणारी. नणंदेनं पुण्याहून एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' पाठवलं, ते भुकेल्या अळीच्या गोष्टीचं पुस्तक. अळी सोमवारी एक फळ खाते, मंगळवारी दोन, असं करत शुक्रवारी पाच, आणि खाल्लेल्या प्रत्येक फळाला पानात खरंच भोक असतं; शेवटी कोश करून तिचं फुलपाखरू होतं. तुम्ही हौसेनं वाचायला बसलात आणि पाच मिनिटांत निम्मी मुलं दाराशी. मोबाईलवर उपक्रम शोधलेत तर त्याला पॉमपॉम पाहिजेत, रंगीत टिश्यू पाहिजे, नासपती आणि प्लम पाहिजेत. पैशाचं तर बोलायलाच नको. वर पालक विचारतात, "नुसता खेळच चाललाय ओ बाई, अक्षरं कधी?"

बेळगाव शहरात आणि आसपासच्या खेड्यांत मिळून मी एकतीस वर्षं बालवाडी केली, नंतर काही वर्षं सेविकांची प्रशिक्षणं घेतली. हे पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मीही आपटलेच होते. मी तर पदरच्या पैशांनी प्लॅस्टिकची फळं आणली होती. सफरचंद मुलांनी ओळखलं. नासपती हातात घेऊन एक पोरगा म्हणाला, "बाई, हा पेरू कुणी पिळला?" प्लम म्हणजे आलुबुखार असं मी सांगितलं, पण तो मुलांनी बघितलेला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही कधी खाल्लेला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती फळं खेळण्याच्या टोपलीत गेली आणि त्यांचे चेंडू झाले.

तेव्हा आधी हे बघूया की पुस्तक चालतं कशावर. माझ्या मते ते भोकावर चालतं. १९६९ सालचं पुस्तक आहे हे. कार्ल कागदाला भोकं पाडायच्या पंचशी खेळत होते, त्यातून ही कल्पना निघाली. आधी त्यांच्या डोक्यात पुस्तक खाणारा किडा होता, संपादक बाईंनी अळी सुचवली. अशी भोकांची, लहान-मोठ्या रुंदीची पानं छापून देणं अमेरिकेत कुणाला परवडेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घेतली. एवढा खटाटोप कशासाठी? मुलाचं बोट पानातून आरपार जावं म्हणून. बोट पलीकडून बाहेर आलं की ते मूलच अळी झालं. आता तुम्ही बावीस मुलांसमोर पुस्तक उंच धरून वाचलंत, म्हणजे भोक राहिलं तुमच्या हातात. मुलं उठून गेली यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून पहिला बदल एवढाच करा. एका वेळी पाच मुलं घ्या, जास्त नको. सतरंजीच्या कोपऱ्यात तुमच्या दोन्ही बाजूंना बसवा. बाकीची मदतनीस ताईंकडे मातीत किंवा अंगणात. प्रत्येक पानावर प्रत्येकाचं बोट आत जाऊ द्या, मगच पान उलटा. वेळ लागतो. गोष्ट त्या दिवशी शुक्रवारपर्यंतही पोचणार नाही, चालतंय. मुलं उद्या "आमची अळी कुठं राहिली?" असं विचारत आली की तुमचं काम झालं.

दुसरा बदल म्हणजे आपलं स्वतःचं भोकाचं पुस्तक. नणंदेनं पाठवलेली प्रत बावीस मुलांच्या बोटांना महिनाभर पुरणार नाही. लग्नपत्रिकांचे जाड कागद घरोघरी पडलेले असतात, मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठाही चालतो. ऑफिसातल्या पंचचं भोक बारीक, त्यात तीन वर्षांच्या मुलाचंही बोट जात नाही. मी चपला शिवणाऱ्या काकांकडे जायची. चामड्याला भोक पाडायचं त्यांच्याकडे गोल धारेचं हत्यार असतं, वेगवेगळ्या मापाचं. लाकडी ठोकळ्यावर पुठ्ठा ठेवायचा आणि हातोडीचा एक घाव. पंधरा मिनिटांत पुस्तक भोकाळून द्यायचे. पैसे घेत नसत, पण "पोरांचं पुस्तक आहे मग त्याला भोकं कशाला?" हे दर वर्षी विचारत. मी दर वर्षी तेच उत्तर द्यायची आणि ते दर वर्षी हसायचे.

पानं मात्र मूळ पुस्तकासारखी पायरीनं रुंद होत जाणारी कापा. सोमवारचं पान चिंचोळं, शुक्रवारचं सर्वांत रुंद. एकाच नजरेत सगळ्या पानांच्या कडा दिसल्या पाहिजेत. आकडा न वाचता येणारं मूलसुद्धा ती पायरी बोटानं चढतं.

आता फळं. इथं बहुतेक जणी एक चूक करतात आणि ती मी केली म्हणून सांगते. मी कौतुकानं आपली गावठी यादी केली. सोमवारी एक पेरू, मंगळवारी दोन केळी, बुधवारी तीन चिक्कू, गुरुवारी चार बोरं, शुक्रवारी पाच करवंदं. चित्रं सुरेख काढली. जांबोटीच्या बाजूची एक मुलगी होती वर्गात, चार वर्षांची. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, बोरं असतात तेव्हा करवंदं कुठली?" बरोबर होतं तिचं. बोरं थंडीतली, करवंदं एप्रिल-मेची. जंगलाकाठच्या मुलांना महिने सांगता येत नाहीत, पण कुठल्या फळामागून कुठलं येतं हे त्यांच्या जिभेला पाठ असतं. त्या दिवसापासून मी फळांची चित्रं पुस्तकाला कायमची चिकटवली नाहीत. पानाला खिसा केला आणि चित्रांचे पत्ते त्यात घालायचे ठेवले. उन्हाळ्यात काजूचं बोंड, करवंद, जांभूळ, आंबा, फणसाचा गरा. पावसाळ्यात काकडी आणि केळं, पावसाळा संपता संपता सीताफळ. थंडीत बोर, पेरू, ऊस, रताळं. रताळं फळ नव्हे हे मला ठाऊक आहे, पण आपल्या भागात रताळ्यांची पोती बघत वाढलेल्या मुलाला अळीनं रताळं पोखरलं म्हटलं की लगेच पटतं, कारण ते त्यानं बघितलेलं असतं.

फळं निवडताना एक युक्ती करा. संख्या वाढत जाईल तशी वस्तू लहान होत जाऊ द्या. सोमवारी एक मोठी पपई, शुक्रवारी पाच बोरं. मग विचारा, "जास्त कुठं?" चार वर्षांची बहुतेक मुलं पपईकडे बोट दाखवतील. त्यांना 'मोठं' आणि 'जास्त' हे अजून एकच वाटतं. झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या या गमतीचा आयुष्यभर अभ्यास केला. तीच पाच बोरं जवळजवळ मांडली आणि मग लांब लांब मांडली, तर लांबची रांग मुलाला जास्त वाटते. इथं त्याला चूक म्हणू नका आणि समजावूनही सांगू नका. पपई आणि बोरं त्याच्या समोर ठेवून द्या, एकेक बोराला एकेक चिंचेचं पान लावू द्या, पपईला एक पान. आठवडाभर हाच खेळ चालू द्या. कधीतरी ते मूल स्वतःच थबकतं. ते थबकणं बघायला मिळावं म्हणून मी इतकी वर्षं या कामात राहिले, असं म्हटलं तरी चालेल.

खरी फळं आणलीत तर चाखायचा दिवस वेगळा ठेवा. डोळ्यांवर रुमाल बांधून वास, मग चव. बोरातली बी आधी काढा, द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खे शेंगदाणे लहान मुलांना देऊच नका, घशात अडकतात. आणि मोजायला म्हणून चिंचोके तीन वर्षांच्या मुलांच्या हातात देऊ नका. माझ्या वर्गात एकानं चिंचोका नाकात घातला होता. तो दवाखान्यात निघाला, पण तोपर्यंत माझ्या पायातलं बळ गेलं होतं. त्यानंतर लहानांसाठी मी करवंट्या, बांगड्या, मक्याची कणसं असलंच वापरलं.

धान्याचं एक. तांदूळ-डाळ रंगवून कागदावर चिकटवायचे उपक्रम मोबाईलवर पुष्कळ दिसतात. मी ते कधी केले नाहीत. ज्या घरात रेशनचा तांदूळ महिनाअखेरीला मापून शिजतो, तिथल्या मुलासमोर मूठभर तांदूळ फेव्हिकॉलमध्ये बुडवायला माझा हात धजत नाही. दुसऱ्यांनी करावं, माझं काही म्हणणं नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पान. गोष्टीत रविवारी अळी एक हिरवं पान खाते आणि तिला बरं वाटतं. आपल्याकडे पानांना काय तोटा! फणसाचं पान घ्या, जाड आणि चिवट. ते मुलांच्या हातात द्या आणि ऑफिसातला पंच द्या. इथं बारीक भोकच पाहिजे. पहिल्यांदा मूल दोन्ही हातांनी पंच दाबतं, ओठ आवळून. टक् करून हिरवी टिकली खाली पडते. त्या आवाजात काय जादू आहे कुणास ठाऊक, रडणारं मूलही गप्प होतं. एक पंच आणि बावीस मुलं म्हणजे भांडण ठरलेलं, म्हणून रांग लावा. रांगेतली मुलं मोजत राहतात, कुणी किती टिकल्या पाडल्या ते. पडलेल्या टिकल्या फेकू नका. वाटीत जमवा, त्यांची कागदावर अळी चिकटवता येते. चिकटवायला घरची खळ करा, गव्हाच्या पिठाची. आपल्या आया खळीत मोरचूद घालायच्या, टिकते म्हणून. तुम्ही घालू नका, पोरं बोटं चाटतात आणि मोरचूद विषारी असतं. रोज ताजी खळ करायला दहा मिनिटं लागतात.

भोकं पाडलेली पानं मग ओवायला घ्या. बुटाची नाडी उत्तम. नसेल तर सुतळीचं टोक मेणबत्तीच्या मेणात बुडवून कडक करा. नाडीला अळीचं तोंड म्हणून एक मोठा मणी बांधला की अळी पानात शिरते आणि खालून निघते. जी मुलं सफाईनं ओवू लागतात त्यांना आजीकडे पाठवा. पत्रावळ टाचायला येणारी एखादी आजी तुमच्या गावात नक्की असेल. कोकणी बोलणाऱ्या त्या दोघांच्या घरी फणसाच्या पानांचे द्रोण करून त्यात इडली उकडत असतील, विचारून बघा. तसं असेल तर त्या मुलांच्या आईला एक दिवस बोलवा. एरवी मागच्या रांगेत बसणारी ती मुलं त्या दिवशी पुढं असतात.

मातीचं फार सांगत नाही, कारण खानापूरला माती शिकवायला मी कोण? तुमच्या तालुक्यातली माती, कौलं आणि कुंभारकाम सगळीकडे माहीत आहे. कुंभाराकडून मळलेल्या मातीचा गोळा आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. मुलांनी दोन तळव्यांत गोळ्या वळायच्या, सात वारांच्या सात गोळ्या, काडीनं जोडल्या की अळी. एवढंच. बाजारचा रंगीत क्ले यापुढं फिका आहे, आणि महागही.

शनिवारचं पान मात्र दोन-तीन दिवस रेंगाळून करा. पुस्तकात अळी शनिवारी चॉकलेट केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थ हादडते आणि तिचं पोट दुखतं. आता योग बघा, बेळगावचा बाजारही शनिवारचा! आमच्या मुलांना ते पान समजावून सांगावंच लागलं नाही. बाजार म्हणजे खाणं आणि खाणं म्हणजे नंतर आईची बोलणी. आम्ही दहा पदार्थ मुलांकडूनच मागवले. कुंदा, मांडा, करदंट, मिरचीभजी, गिरमिट, चिरमुरे, जिलेबी, ऊस, आइसकांडी, शेवटी कलिंगड. रिकामे खोके मांडून वर्गात बाजार भरवला. पुठ्ठ्याची अळी दुकान-दुकान फिरते, दुकानदार भाव सांगतो, अळी घासाघीस करते. एकदा एका पोरानं अळीला सांगितलं, "उधारी बंद आहे." घरी किराणा दुकान होतं त्याचं.

पोटदुखीवर व्याख्यान देऊ नका. तेलकट खाऊ नये, गोड खाऊ नये, हे मुलांनी हजारदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "तुझं पोट कधी दुखलं होतं?" आणि जे सांगतील ते मोठ्या कागदावर त्यांच्यासमोर लिहा, जसंच्या तसं. मुलगा म्हणाला, "मी जत्रंत तीन आइसकांडी खाल्लो", तर 'खाल्लो'च लिहा. तिथं 'खाल्ल्या' करू नका. आपल्या सीमेकडची बोली अशीच आहे, आपणही घरी तसंच बोलतो. आपल्या तोंडून निघालेला शब्द कागदावर बसला आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच परत वाचून दाखवला, म्हणजे लिहिणं म्हणजे काय हे त्या मुलाला कळलं. अक्षर गिरवून हे कळत नाही. प्रमाण भाषा शिकायला पुढं दहा वर्षं शाळा आहे.

कन्नड मुलांचं तुम्ही काळजीनं विचारलंय. या गोष्टीत काळजीचं फार थोडं आहे. वार बघा, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दोन्ही भाषांत एकच. रविवारला तिकडे भानुवार म्हणतात, पण आपल्या भागात कन्नड बोलणारेही रविवारच म्हणतात, कुणी ऐतवार. म्हणजे गोष्टीचा निम्मा सांगाडा सगळ्यांना आयताच येतो. पाचपर्यंत मोजणं दोन्हीत करा, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. मराठी मुलांनाही ते आलं पाहिजे, उद्या बसमध्ये लागणार आहे. फक्त एका वाक्यामागं दुसरं असं भाषांतर करत वाचू नका, त्यात गोष्टीचा जीव जातो. सोमवारी पूर्ण गोष्ट मराठीत, मंगळवारी पूर्ण कन्नडमध्ये. तुमचं कन्नड कच्चं असेल तर एखाद्या कन्नड आईला बसवा आणि तुम्ही मुलांमध्ये बसा. भूक न भागण्याचं ते पालुपद मुलं दोन्हीत म्हणतात. "पण पोट काही भरेना" आणि "आदरू हसिवु होगलिल्ला". महिन्याअखेरीला कुठलं मूल कुठल्या घरचं हे पालुपदावरून ओळखता येत नाही.

शब्दांवरून आठवलं. 'कॅटरपिलर'ला सुरवंट म्हणू नका, अळी म्हणा. सुरवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केसाळ, खाजरा किडा येतो. कन्नडमध्ये त्याला कंबळीहुळ म्हणतात, घोंगडी पांघरलेला किडा. मुलांना नियमच करून द्या, अंगावर केस असतील तर हात लावायचा नाही. आणि या पुस्तकावर इंग्रजीत एक आक्षेप घेतात. फुलपाखराची अळी रेशमाचं वेष्टन विणत नाही, ते पतंगाचं काम. फुलपाखराचा कोश वेगळा, त्याला शब्द वेगळा, 'क्रिसॅलिस', आणि पुस्तकात पतंगाचा 'ककून' पडलाय. मराठीत दोन्हीला आपण कोशच म्हणतो, त्यामुळे आपली त्या भांडणातून सुटका झाली.

कोशाचा खेळ अगदी साधा आहे. घरची जुनी वाकळ आणा, कन्नड घरांत तिला कौदी म्हणतात. एका मुलाला त्यात गुंडाळा, तोंड उघडं ठेवून. बाकीची कुजबुजत चौदापर्यंत मोजतात, कारण पुस्तकातली अळी दोन आठवड्यांहून जास्त आत राहते. पंधराव्याला वाकळ उलगडते आणि मूल आईच्या ओढणीचे पंख घेऊन पळत सुटतं. गप्प पडून राहायला न जमणारी मुलंही चौदा मोजेपर्यंत हलत नाहीत. हा खेळ मुलं मागून मागून घेतील, तुम्ही कंटाळाल.

रंगकामात मला फारसा रस नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून. कार्ल आधी पातळ कागद रंगवून ठेवत, मग ते कापून चिकटवून चित्र करत. आपल्याला टिश्यू नको. वर्तमानपत्राचे तुकडे हळद, गेरू, बिटाचं पाणी आणि कपड्यांची नीळ यांनी रंगवा, दोरीवर वाळवा आणि दुसऱ्या दिवशी हातानं फाडून चिकटवा. नीळ लावताना तेवढं जवळ बसा, ती तोंडात जायला नको. कात्री नको. कागद फाडताना अंगठा आणि दोन बोटं जशी धरावी लागतात, तशीच पुढं पेन्सिल धरावी लागते. आणि बाईंनी कापून दिलेल्या बावीस एकसारख्या अळ्या भिंतीवर लावू नका. ती बाईंची कलाकुसर झाली.

आता खरी अळी. हे केलं नाहीत तर बाकी सगळं अर्धं राहतं असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर खसखशीएवढं पिवळसर अंडं एकेकटं चिकटलेलं सापडतं. त्यातून निघणारी अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि पांढऱ्या डागाची. मुलं नाक मुरडतात. ती कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. अपाय काही नाही. मुलं मात्र उड्या मारतात.

मोठी काचेची बरणी घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, आत एक आडवी-तिरकी काडी आणि रोज ताजी डहाळी. पाण्याची वाटी ठेवू नका, अळी बुडते. ओल साचली की बुरशी येते, म्हणून तळाला कागद घालून रोज बदला. त्या कागदावरच्या लेंड्या मुलांना मोजू द्या! पहिल्या दिवशी ठिपके, आठवड्यानं मिऱ्याएवढ्या. खाल्लं किती आणि वाढली किती हे लेंडीवरून मुलं जेवढं शिकली तेवढं माझ्या कुठल्याही तक्त्यावरून शिकली नाहीत. पाला मात्र घरच्या झाडाचाच पाहिजे. एका वर्षी पाऊस फार म्हणून मी बाजारातला कढीपत्ता घातला. फवारलेला असणार. सकाळी तिन्ही अळ्या लोळागोळा होऊन पडलेल्या. मुलांना मी खरं तेच सांगितलं, की चूक माझी झाली. त्यांनी जास्वंदीखाली त्या पुरल्या आणि दोन दिवस माझ्याकडे संशयानं बघितलं.

रुईवरही अळ्या मिळतात, पट्ट्यापट्ट्यांच्या आणि देखण्या. पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर घात, म्हणून बालवाडीत नको.

दोन-तीन आठवड्यांत अळी खाणं सोडते, काडीवर चढते आणि कमरेला बारीक धागा बांधून कोश करते. पुढं साधारण आठ ते बारा दिवस. थंडी असेल तर जास्त. कोश काळपट झाला आणि आत पंखांची नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर या. बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात, ते पसरायला लटकायला जागा लागते. तासा-दोन तासांत सुकतात. तांबूस पाण्याचे थेंब पडतात, मुलांना रक्त वाटतं, आधीच सांगून ठेवा. कधी कधी कोशातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या निघतात, कारण तसल्या माश्या आपली अंडी अळीच्या अंगातच घालतात. तेही दाखवा. लपवू नका.

सोडायच्या दिवशी मुलं एकच विचारतात, "कुठं जाणार?" तुमच्याकडे भीमगडची झाडी जवळ. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये नीलवंताला राज्याचं फुलपाखरू केलं, कर्नाटकाचं सदर्न बर्डविंग आहे, आणि खानापूरच्या रानात दोन्ही उडतात. मुलांना मी इतकं सांगत नाही. "फुलं असतील तिकडे" म्हणते.

राहिले पालक. त्यांना समजावून सांगण्यात शब्द वाया घालवू नका. पालकसभेत त्यांच्याच हातात पंच आणि फणसाचं पान द्या, नाडी ओवायला लावा. शेतात राबणारे हात आहेत, त्यांना लगेच कळतं की यात बोटांना काम आहे. मग सांगा की मनगटातली आठ हाडं जन्माला येताना मऊ कूर्चेचीच असतात आणि पाचव्या वर्षीसुद्धा ती सगळी पक्की झालेली नसतात. त्या हाताला तासभर 'क' गिरवायला लावलं तर हात दुखतो आणि मूल पाटीला घाबरतं. तरी कुणी म्हणालंच की ही शहरातली फॅडं आहेत, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव घ्या. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला त्यांनी आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. मॉंटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, काड्या यांची साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे, सरकारी योजना १९७५ ची.

हे सगळं एका आठवड्यात उरकू नका. मी या एका पुस्तकावर सहा आठवडे काढायची, खऱ्या अळीच्या गतीनं. कधी आठवड्यात एकच गोष्ट झाली, कधी तीही नाही.

आणि बालवाडीच्या मोरीचं पाणी जिथं जातं तिथं कढीपत्त्याची दोन रोपं आजच लावा. कुणाच्याही परसात मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पिल्लं फुटलेली असतात, मुळासकट उपटून मिळतात. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांच्या झाडावरची अंडी मागून आणा. पानं मात्र विचारून तोडा, आमटी-सांबाराच्या वेळी फार बोलणी बसतात.